अकोल्याचं ऊन आणि शारजाचा ऑगस्ट

"मावशी, आम्ही चार वर्षांपासून शारजाला राहतो. सासू-सासरे पहिल्यांदाच इकडे येताहेत. जुलैच्या पहिल्या आठवड्यात येतील आणि गणपती-महालक्ष्म्या करूनच परत जातील. सासरे ७१ वर्षांचे. बीपी आणि शुगर दोन्ही आहे, पण तब्येत काटक. अकोल्याला सकाळ-संध्याकाळ मिळून चार-पाच किलोमीटर चालतात. इथल्या उन्हाचं सांगायला गेले तर फोनवर म्हणाले, 'अगं, अकोल्याच्या माणसाला तू ऊन शिकवतेस का?' सासूबाईंचे श्रावणी सोमवार असतात, हरतालिका त्या निर्जळी करतात. घरात दीड वर्षाचं बाळ आहे आणि आम्ही दोघंही नोकरी करतो, म्हणजे दिवसभर ते तिघं आणि बाळाला सांभाळणारी बाई. त्यांना न दुखवता हे सगळं कसं समजावू?"

तुझ्या सासऱ्यांना ऊन कळतं, हे आधी मान्य करूया. एप्रिल-मे महिन्यांत ४४-४५ अंशांत ज्यांनी आयुष्य काढलं, त्यांना दुपारी बाहेर पडू नये, डोक्याला दुपट्टा बांधावा, पन्हं प्यावं हे कुणी सांगायची गरज नाही. अडचण एवढीच की त्यांचं हे सगळं शहाणपण कोरड्या उन्हाचं आहे आणि ते येताहेत दमट उन्हात. ही दोन उन्हं शरीराच्या दृष्टीने अगदी वेगळी आहेत. तेव्हा "तिथे फार गरम होतं" असं सांगू नकोस. त्याऐवजी त्यांना एक प्रश्न विचार: "बाबा, पाऊस सुरू झाला की तुम्ही कूलर का बंद करता?"

याचं उत्तर त्यांना तुझ्या-माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल. मे महिन्यात कूलर खोली गारेगार करतो, कारण कोरडी हवा ओल्या ताट्यांतलं पाणी भराभर ओढून घेते आणि पाण्याची वाफ होताना उष्णता निघून जाते. जूनमध्ये हवा ओली झाली की तोच कूलर नुसता चिकचिकाट करतो. माठाचंही तसंच. मे महिन्यात माठ पाझरतो, वाळतो आणि पाणी गार राहतं, पावसाळ्यात त्याच माठातलं पाणी कोमट लागतं. आपलं शरीर हा एक माठच आहे. एक लिटर घाम अंगावर पूर्ण वाळला तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच घाम न वाळता कोपरावरून टपकला, तर पाणी गेलं, मीठ गेलं आणि अंग तापलेलंच राहिलं. शारजाला घाम टपकतो. म्हणूनच "घाम येतोय ना, मग काळजी नाही" हे अकोल्यातलं गणित तिथे लागू पडत नाही.

आकडेच हवे असतील तर हे सांग. हवा ३२ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल तर शरीराला ती ४१ अंशांसारखी लागते. ३५ अंश आणि ७० टक्के असेल तर ५० अंशांसारखी. आणि ३५ अंश, ७० टक्के ही तुमच्याकडची ऑगस्टमधली साधी संध्याकाळ आहे. आखाताचं पाणी तेव्हा ३५ अंशांपर्यंत तापलेलं असतं आणि समुद्राकडून येणारा वारा ती सगळी वाफ किनाऱ्यावर आणून सोडतो. सौदीतल्या धाहरानला ८ जुलै २००३ रोजी हवा ४२ अंश आणि दवबिंदू ३५ अंश नोंदला गेला होता. दवबिंदू म्हणजे हवेत प्रत्यक्ष किती ओल आहे याचं माप. तो २४ च्या वर गेला की बहुतेकांना घुसमटल्यासारखं होतं. हवामानाच्या ॲपवर तापमानाच्या खाली तो दिलेला असतो. सासऱ्यांना ॲप लावून दे आणि रोजचा दवबिंदू बघायचं काम त्यांच्याकडेच सोपव. हिशेबी माणसाला आकडा दिला की तो स्वतःच सावध होतो.

तरीही "४५ तर नाही ना" असं म्हणाले, तर खारघरची आठवण करून दे. १६ एप्रिल २०२३ ला तिथे उघड्या मैदानावर झालेल्या महाराष्ट्र भूषण पुरस्कार सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला. त्या दिवशी तापमान होतं ३८ च्या आसपास. पण खाडीकाठची दमट हवा, डोक्यावर ऊन आणि तासन्‌तास बसणं हे सगळं एकत्र आलं होतं.

दुसरी गोष्ट कॅलेंडरची, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. आपल्या डोक्यात उन्हाळा म्हणजे चैत्र-वैशाख. मृग लागला की उन्हाळा संपला. अंगाला, मनाला, सणावारांना तीच सवय. आषाढी, श्रावण, हरतालिका, गणपती हे सगळं आपण पावसाच्या गारव्यात करत आलो. आखातात मात्र हेच महिने सर्वांत वाईट. जुलै-ऑगस्ट तर आहेच, पण सप्टेंबरही सुटलेला नसतो. म्हणजे आपले उपास, आपली जागरणं, आपला सणाचा स्वयंपाक हे सगळं नेमकं तिथल्या सर्वांत जड दिवसांत येतं. ओमानमधल्या सलालाला मात्र याच दिवसांत धुकं आणि रिमझिम असते. तिथले लोक त्या हंगामाला 'खरीफ' म्हणतात, आपला 'खरीप' त्याच अरबी शब्दावरून आलेला. चार दिवसांची सुट्टी मिळाली तर सासू-सासऱ्यांना तिकडे घेऊन जा, हिरवे डोंगर बघून त्यांना बरं वाटेल.

आता चालण्याबद्दल. हे मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण माझ्याच वडिलांच्या बाबतीत हे घडलं आहे. आम्ही मस्कतला असताना ते सांगलीहून आले होते, जुलैमध्ये. दुपारभर घरात बसायचे, कुणाचं ऐकायची वेळच येऊ द्यायचे नाहीत. पण सूर्य मावळला की "आता ऊन गेलं" म्हणून मत्राच्या कॉर्निशवर, म्हणजे समुद्रकाठच्या रस्त्यावर, फिरायला निघायचे. चौथ्या दिवशी गाडीतून उतरताच त्यांच्या चष्म्यावर वाफ धरली. तो पुसून ते चालू लागले. वीस मिनिटांत पायात गोळे आले, मग म्हणाले, "जरा बसतो." बाकावर बसले आणि मी माझं नाव विचारलं तर त्यांनी आत्याचं नाव सांगितलं. तेव्हा मला काय चाललंय ते कळलं. वेळेवर दवाखान्यात पोचलो म्हणून निभावलं. त्या दिवशी सूर्य मावळून दीड तास झाला होता.

आखाताच्या किनाऱ्यावर ऊन जातं, उष्णता जात नाही. रात्रीसुद्धा पारा बऱ्याचदा ३० च्या खाली येत नाही आणि ओल वाढलेली असते. म्हणून त्यांचं संध्याकाळचं फिरणं जुलै-ऑगस्टमध्ये सरळ मॉलमध्ये हलव. बरेच मॉल सकाळी दुकानं उघडायच्या आधीच दारं उघडतात, आणि पहाटे चालणारे त्यांच्या वयाचे चार आपले लोक तिथे भेटतातही. सासऱ्यांना त्याचं अप्रूप वाटेल. बाहेरच चालायचं असेल तर सूर्योदयापूर्वी, तेव्हा तापमान सर्वांत कमी असतं, आणि पंधरा मिनिटांपेक्षा जास्त नाही. पहिले दोन आठवडे तर बाहेर अजिबात नको. नव्या उष्णतेशी जुळवून घ्यायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. आणि एसीत बसून ते जुळवणं होत नाही, त्यामुळे दोन महिने राहूनही ते तिथल्या हवेला सरावतील असं धरून चालू नकोस. तुम्ही दोघंही सरावलेली नाही आहात.

तिकिटाआधी करायचं काम म्हणजे औषधं. बीपीच्या गोळ्यांमध्ये बऱ्याचदा लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं असतं. बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंद करणारं औषध) असेल तर उष्णतेत हृदयाला जो वेग धरावा लागतो तो धरता येत नाही. शुगरच्या काही नव्या गोळ्या, डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशा नावांच्या, साखरेबरोबर पाणीही बाहेर काढतात. सर्दीच्या झोप आणणाऱ्या जुन्या गोळ्या घाम कमी करतात. यातलं काहीही स्वतःच्या मनाने बंद करायचं नाही. अकोल्यातल्या त्यांच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारायचं: "दोन महिने दमट उष्णतेत राहणार आहे, डोस बदलायचा का? दिवसाला पाणी किती प्यायचं?" हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांना पाण्याची मर्यादा असते, म्हणून हा दुसरा प्रश्नही तितकाच गरजेचा. इन्सुलिन घेत असतील तर ते गाडीत कधीच ठेवू नका. आणि फ्रीज नसेल तर माठात ठेवायची जी युक्ती गावाकडे चालते, ती तिथे चालणार नाही. कारण वर सांगितलंच.

पाण्याचं म्हणशील तर म्हाताऱ्या माणसांची तहान मंदावलेली असते, त्यामुळे "तहान लागली की पितो" यावर विसंबू नये. टेबलावर तांब्या भरून ठेव आणि संध्याकाळी तो किती रिकामा झाला ते बघ. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडतंय. ताक उत्तम, कोकमाचं पाणी उत्तम, ज्वारीची आंबील तर सासूबाईंच्या हातची असेलच. बीपीमुळे मीठ बेताचं, शुगरमुळे पन्ह्यात गूळ बेताचा. साध्या बसण्या-उठण्याला ओआरएस रोज प्यायची गरज नाही. खूप घाम गेला, गोळे आले, जुलाब झाले तर ते हाताशी हवं. येताना पावडरची पाकिटं आणायला सांग, ज्यावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेलं असतं आणि जी एक लिटर पाण्यात कालवायची असतात. तयार गोड पेयांच्या खोक्यांवर ओआरएस लिहायला भारतात ऑक्टोबर २०२५ मध्ये बंदी आली, कारण त्यात साखर भरमसाट असायची. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, आणि मीठ अर्ध्याहून जास्त नको. खिशातल्या कांद्याबद्दल विचारशील, तर ठेवू देत बापडे. पण त्यामुळे ऊन लागत नाही असं मात्र नाही, एवढं त्यांना कळलेलं असू दे.

स्वयंपाकघराकडे कुणाचं लक्ष जात नाही. तिकडच्या बऱ्याच फ्लॅटांत एसीची हवा दिवाणखान्यात आणि बेडरूममध्ये येते, स्वयंपाकघरात येत नाही. दार लावलं की गॅस, उकड, कुकरची वाफ आणि बाहेरची हवा यांनी ती खोली भट्टी होते. तुझ्या सासूबाई तिथे तीन तास उभ्या राहून पोळ्या करतील आणि वर एक शब्द बोलणार नाहीत. आपल्या घरांतल्या बायकांना त्रास सांगायची सवयच नसते. म्हणून तूच रचना बदल. दार उघडं ठेव, एक्झॉस्ट चालू ठेव, एक उभा (पेडेस्टल) पंखा दाराशी लाव. मोठा स्वयंपाक सकाळी आठच्या आत आटपायचा. पोळ्या इंडक्शनवर दिवाणखान्यातल्या टेबलाशी बसून करता येतात. महालक्ष्म्यांच्या सोळा भाज्या आणि पुरण एकाच दिवशी एकटीने करायचं नाही. भाज्या आदल्या रात्री चिरून, पुरण आदल्या दिवशी शिजवून फ्रीजमध्ये. नैवेद्य देवीला पोचतोच, तो कुणी किती भाजून निघून केला हे ती विचारत नाही.

हरतालिका. इथे तुला संकोच वाटणार, मला माहीत आहे. श्रद्धेला हात न लावता सांगता येतं. आपल्या धर्मशास्त्रातच सांगितलं आहे की पाणी, कंदमुळं, फळं, दूध आणि औषध यांनी व्रत मोडत नाही. हे तू सांगण्यापेक्षा अकोल्याच्या त्यांच्या गुरुजींनी फोनवर सांगितलेलं बरं, तशी सोय कर. सासूबाईंना काही आजार नसेल आणि त्या दिवसभर एसीत असतील, तर एका दिवसाने काही होणार नाही. पण निर्जळी अंगाने स्वयंपाकघरात उभं राहणं, किंवा फुलं-पत्रीसाठी दुबईतल्या मीना बाजारच्या गल्ल्यांतून दुपारी फिरणं, हे दोन्ही नको. खरेदी आदल्या दिवशी रात्री, गाडीने. सासरेही एखादी एकादशी करत असतील तर जास्त जपायला हवं. ग्लिमेपिराइडसारखी शुगरची गोळी घेऊन उपाशी राहिलं की साखर उतरते, घाम फुटतो, भोवळ येते, माणूस असंबद्ध बोलतो. ऊन लागल्याचीही हीच लक्षणं. ग्लुकोमीटर घरात हवाच, आणि तो वापरता यायला हवा.

एसीच्या बिलावरून आणि "गुडघे धरतात" यावरून घरात वाद होणार. तो मिटवायला एसी २७ वर ठेव आणि जोडीला पंखा लाव. त्याने खोली आणखी चार अंशांनी गार वाटते. तिकडच्या फ्लॅटांत छताला पंखे नसतात बहुधा, म्हणून उभा पंखा त्यांच्या येण्याआधीच आण. आणि तुमच्यामागे ते दिवसा एसी बंद करून ठेवत नाहीत ना, हे दुपारी एकदा फोन करून बघ.

बाळाबद्दल थोडंच. आजी एसीत कानटोपी आणि दुपटं घालणार, बाहेर पडताना ते काढायला विसरणार. घामोळ्यांवर पावडरीचा थर आणि तेलाचं मालिश नको, त्याने रंध्रं बुजतात. सुती झबलं आणि कोमट पाण्याने अंघोळ पुरे. घसरगुंडीला आणि गाडीच्या पट्ट्याच्या बकलला आधी स्वतःचा हात लावून बघायचा. आणि गाडीत बाळाला एक मिनिटही एकटं ठेवायचं नाही. बंद गाडी दहा मिनिटांत दहा अंशांनी तापते, काच थोडी खाली केल्याने काही फरक पडत नाही. मागच्या सीटवर बाळाशेजारी स्वतःचा फोन ठेवायची सवय लावा, म्हणजे ती सीट बघितल्याशिवाय कुणी उतरणार नाही.

आता वेळ आलीच तर काय करायचं. पायात गोळे, डोकेदुखी, मळमळ, भोवळ, अंग थंडगार चिकट: ही पहिली पायरी. गार खोलीत आडवं करायचं, कपडे सैल, घोटघोट पाणी किंवा ओआरएस. अर्ध्या तासात बरं वाटलं नाही तर दवाखाना. माणूस गोंधळला, जीभ जड झाली, चिडला, तोल गेला, शुद्ध हरपू लागली आणि अंग तापलेलं असेल, तर तो उष्माघात. शरीर ४० अंशांच्या वर गेलेलं असतं आणि घाम येत असला तरी तो उष्माघातच असू शकतो. पॅरासिटामॉल देऊ नका, हा ताप त्या गोळीने उतरत नाही. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. ९९८ ला, म्हणजे तिथल्या ॲम्ब्युलन्सला, फोन आणि त्याच क्षणी अंग गार करायला सुरुवात. कोरड्या हवेत ओली चादर आणि पंखा यांनी भागतं, तुमच्याकडे ते पुरं पडत नाही. गार पाण्यात बुडवणं सर्वांत चांगलं. ते जमत नसेल तर अंगावर गार पाणी ओतत राहायचं, मानेला, काखेत आणि जांघेत बर्फ लावायचा.

पण गार पाणी येणार कुठून? उन्हाळ्यात तिकडे नळाला गरमच पाणी येतं, कारण टाक्या गच्चीवर तापतात. तुला ही युक्ती माहीत असेलच: मे महिन्यापासून गीझर बंद ठेवायचा, मग त्याच्या टाकीतलं पाणी घरातल्या हवेने निवतं आणि 'गरम' नळालाच त्यातल्या त्यात गार पाणी येतं. सासू-सासऱ्यांना पहिल्याच दिवशी हे दाखव, नाहीतर गार समजून ते उकळत्या पाण्याखाली उभे राहतील. फ्रीजमध्ये दोन लिटरच्या सहा बाटल्या आणि फ्रीझरमध्ये बर्फाच्या पिशव्या कायम असू देत.

पाहुण्यांसाठीचा आरोग्यविमा काढ आणि आधीपासूनचे आजार त्यात धरलेत का ते वाचून बघ. आईवडील परदेशात दुखणं लपवतात ते पैशांच्या भीतीनेच. विमा काढलाय हे त्यांना सांगितलं की अर्धं लपवणं थांबतं.

हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरचा माणूस साइटवर काम करतो, त्यांच्यासाठी: दुपारची सक्तीची सुट्टी अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर, साडेबारा ते तीन असते. ओमानमध्ये जून ते ऑगस्ट, साडेबारा ते साडेतीन. कतारमध्ये १ जून ते १५ सप्टेंबर, सकाळी दहा ते साडेतीन. हा त्याचा हक्क आहे. फोनवर रोज एवढं विचारा की आज लघवी किती वेळा झाली. दिवसभरात दोनच वेळा म्हणाला तर त्याला पाणी मिळत नाहीये किंवा तो पीत नाहीये. असे महिनोन्‌महिने गेले की मूत्रपिंडं झिजतात, आणि ते कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

शेवटचं एक काम तुझ्यासाठी, आणि ते त्यांच्या येण्याआधीच करून ठेव. दुपारी घरी सासू-सासरे, बाळ आणि सांभाळणारी बाई एवढेच असणार. एका कागदावर मोठ्या अक्षरांत मराठीत लिही: ९९८. खाली इमारतीचं नाव, मजला, फ्लॅटचा क्रमांक, जवळची खूण, आणि इंग्रजीत बोलायचं एक वाक्य देवनागरीत: "ओल्ड मॅन, हीट स्ट्रोक, प्लीज कम फास्ट." त्याखाली तुमचे दोघांचे नंबर. तो कागद फ्रीजवर लाव, आणि ज्या दिवशी ते पोचतील त्या संध्याकाळी चहा झाल्यावर सासूबाईंकडून तो एकदा मोठ्याने वाचून घे.